चष्म्याच्या नंबरवर ऑनलाईन लेन्स मागवली तर चालते काय? शिवजयंतीच्या आधी पाहिजे

वडगावचा_जिवा

मंडळी नमस्कार. मी बेळगावचाच, वडगाव साइडचा. आमच्या मंडळाच्या चित्ररथात यंदा अफझलखान वधाचा देखावा आहे आणि मला जिवा महाला केलंय. दांडपट्टा बऱ्यापैकी येतो म्हणून घेतलंय, पण घोळ असा आहे की मला चष्मा आहे आणि नंबर पण साधा नाही, उजवा -५.५० आणि डावा -४.७५, डाव्याला सिलिंडर -०.७५. चष्मा काढला की समोर सय्यद बंडा आहे की खुद्द खान आहे ते मला कपड्याच्या रंगावरनं ओळखावं लागतं. तालमीत चष्मा दोरीनं बांधून करायलोय, पण मिरवणुकीत फेटा घातलेला जिवा महाला चष्म्यात बघून लोक मोबाईल काढून हसत बसतील, मंडळाची पोरं तर आत्ताच हसायलीत.

तर डोळ्यात घालायची कॉन्टॅक्ट लेन्स घ्यायचं ठरवलं. ऑनलाईन बघितलं तर दुकानापेक्षा स्वस्त दिसायलंय, ऑफर पण आहे. साइटवर पॉवर टाकायची, मग बीसी आणि डीआयए असे दोन रकाने येतात, तिथं ८.६ आणि १४.२ आधीच भरलेलं आहे, ते काय आहे मला कळलं नाही. चिठ्ठी अपलोड करा म्हणतात पण नाही केली तरी पुढं जातंय. माझ्याकडं दिवाळीच्या वेळची चष्म्याची चिठ्ठी आहे, तोच नंबर टाकला तर चालतंय ना? आणि एक पेटी घेतली की दोन्ही डोळ्यांचं होतंय काय? अजून महिनाभर टाइम आहे पण नंतर तालमी रोज रात्री असणार, म्हणून आत्ताच विचारतोय. याआधी आयुष्यात कधी लेन्स लावलेली नाही.

आरपीडी_कॉर्नर

होता जिवा म्हणून वाचला शिवा, आणि यंदा जिवालाच कोणीतरी वाचवायला पाहिजे 😄 भावा तेवढं नीट दिसल्याशिवाय पट्टा फिरवू नको, खान झालेला आमच्या गल्लीतला आहे, त्याचं पुढच्या महिन्यात लग्न आहे.

नंबर_तपासणारा

जिवादादा, माझा धंदा हाच आहे, बरीच वर्षं ऑप्टिकलमध्ये नंबर काढायला बसतोय, त्यामुळं जरा लांबड लावतो, वाचा.

चष्म्याचा नंबर आणि लेन्सचा नंबर एक नसतो. तुमच्या नंबरात तर नाहीच. चष्म्याची काच डोळ्यापासून साधारण १२ मिलिमीटर पुढं असते आणि लेन्स बुबुळावर बसते, त्यामुळं ४ च्या वरचा नंबर असला की फरक पडायला लागतो. तुमचा उजवा -५.५० हिशोबानं -५.२५ च्या आसपास येतो, डावा -४.७५ चा -४.५० च्या आसपास. चष्म्याचाच आकडा टाकलात तर पॉवर जास्त पडणार, आणि वाईट म्हणजे पहिल्या दिवशी तुम्हाला ते चांगलंच वाटणार, एकदम खणखणीत दिसतंय म्हणून खूश होणार, मग संध्याकाळी डोकं धरून बसणार आणि मोबाईलवर वाचताना डोळे ताणायला लागणार. आणि मी हे आकडे लिहिले म्हणून लगेच तेच टाकून ऑर्डर मारू नका, तो कागदावरचा हिशोब झाला, लेन्स डोळ्यात ठेवून वरनं परत तपासल्याशिवाय आम्ही पण फायनल करत नाही.

डाव्या डोळ्याचं सिलिंडर, म्हणजे बुबुळाचा बाक सगळ्या दिशेला सारखा नसतो त्याचा नंबर, ही वेगळी भानगड. त्याला टोरिक लेन्स येते, ती डोळ्यात गोल फिरू नये म्हणून खालच्या बाजूला जरा जड केलेली असते किंवा तशा आकाराची असते. पण तिच्यात ॲक्सिस, म्हणजे सिलिंडर कुठल्या कोनात आहे तो आकडा, लागतो, तो चिठ्ठीत शेवटी लिहिलेला असतो, तुम्ही इथं लिहिलाच नाही. टोरिक नको तर सिलिंडरच्या निम्मं नंबरात मिळवून साधी लेन्स देतात, -०.७५ ला बऱ्याच जणांचं त्याच्यावर भागतंय. पण तुम्ही रात्री लाइटच्या झगमगाटात पट्टा फिरवणार, तिथं दिव्याला शेपटी फुटल्यासारखं दिसायला लागलं तर अवघड होईल. दोन्ही लावून बघा आणि मग ठरवा.

आता बीसी. बीसी म्हणजे लेन्सच्या आतल्या बाजूचा बाक, मिलिमीटरमध्ये. आकडा मोठा तेवढी लेन्स सपाट. डीआयए म्हणजे लेन्सची रुंदी. साइटवर ८.६ आणि १४.२ आधीच भरलेलं दिसतंय कारण ती लेन्स कंपनी त्याच एका मापात बनवते, तुमच्या डोळ्याशी त्याचा काही संबंध नाही. तुमच्या बुबुळाचा बाक आधी मशीनवर मोजावा लागतो. मग लेन्स घालून वीसेक मिनिटं बसवून ठेवतो आणि स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या मशीनवर, बघतो, पापणी मारली की लेन्स थोडीशी हलली पाहिजे. अजिबात हलत नाही म्हणजे घट्ट झाली, खालचे अश्रू बदलत नाहीत, काढल्यावर पांढऱ्या भागावर गोल वळ दिसतो. लई हलते म्हणजे सैल, मिनिटा मिनिटाला धूसर होणार. आणि गंमत अशी की दोन कंपन्यांच्या ८.६ च्या लेन्सा एकाच डोळ्यावर सारख्या बसत नाहीत, मटेरियल वेगळं, कडा वेगळी. म्हणून लेन्सच्या चिठ्ठीत कंपनीचं आणि लेन्सचं नाव पण लिहिलेलं असतं. नाव नसेल तर ती चिठ्ठी अर्धी.

पेटीचं म्हणाल तर एका पेटीत सगळ्या लेन्सा एकाच पॉवरच्या. तुमचे दोन डोळे दोन नंबरचे, म्हणजे दोन पेट्या घ्याव्या लागणार. ऑफरचा भाव बघताना हे धरा.

माझं सरळ म्हणणं, पहिल्यांदा लेन्स लावणाऱ्यानं ऑनलाईनच्या नादाला लागू नये. आधी बेळगावातच कुठंतरी बसून ट्रायल घ्या, लेन्सची वेगळी चिठ्ठी मागून घ्या, घालायची काढायची शिकून घ्या. मग मागवा ना ऑनलाईन, कोण नको म्हणतंय. माझ्या दुकानात या असं म्हणायला मी इथं आलो नाही, म्हणून दुकान सांगत पण नाही.

वडगावचा_जिवा

बापरे, एवढं असतंय होय. मला वाटलं चपलेसारखं नंबर टाकला की आलं घरी.

ॲक्सिस १८० लिहिलंय चिठ्ठीत. आणि खरं सांगू काय, दुकानात चिठ्ठी मागितली तर देतील काय? ट्रायल त्यांच्याकडं घ्यायची आणि माल ऑनलाईन मागवायचा, मला जरा संकोचल्यासारखं होतंय. दुसरं, मिरवणूक रात्रभर चालते, आमचा नंबर कधी कधी पहाटे लागतोय, एवढा वेळ लेन्स चालते काय?

निपाणीची_ताई

तपासणीचे पैसे वेगळे द्या आणि चिठ्ठी मागा, त्यात संकोच कसला. मी सुरुवातीलाच तसं सांगितलं होतं, फिटिंगची फी घ्या पण कागदावर सगळं लिहून द्या, त्यांनी दिलं. जे द्यायला कां कू करतात तिथं परत जाऊ नका म्हणजे झालं.

मी निपाणीत राहते आणि कित्येक वर्षं लेन्सा ऑनलाईनच मागवते, कारण माझ्या नंबरची टोरिक इथल्या दुकानात स्टॉकला नसते, त्यांनी मागवून द्यायची म्हटली तरी कोल्हापूर नाहीतर बेळगावहून यायला तेवढेच दिवस जातात. म्हणून ऑनलाईन वाईट असं मी म्हणणार नाही. पण दादा म्हणतात ते खरं, मी मागवते ती तीच लेन्स, तोच ब्रँड, तोच आकडा, वर्षातनं एकदा डोळे तपासून घेतल्यावरच.

ऑर्डर करताना मी काय बघते ते सांगते. जुनी पेटी समोर ठेवून आकडे टाइप करते, आठवणीतनं कधीच नाही. चिठ्ठीवर ओडी म्हणजे उजवा आणि ओएस म्हणजे डावा, हे ज्याला माहीत नाही त्याचं उलट होतंय. आणि तो वजाचा आणि अधिकचा घोळ, साइटवर आकड्यांची लांब यादी उघडते त्यात +५.२५ पण असतंय आणि -५.२५ पण, बोट जरा घसरलं की झालं. पैसे भरायच्या आधी कार्टमध्ये जाऊन उजवा डावा परत एकदा वाचायचा, मी तर मुलाला वाचायला लावते आणि मी चिठ्ठीवर बोट ठेवून बसते. घरी हसतात मला. हसू दे.

मग विकणारा कोण ते बघते. मोठ्या साइटवर सुद्धा खाली बारीक अक्षरात विकणाऱ्याचं नाव वेगळंच असतंय, कुठलातरी मोबाईल कव्हर विकणारा लेन्सा पण विकत असतो. मी कंपनीची स्वतःची साइट नाहीतर चष्म्याच्या धंद्यातल्या नावाजलेल्या साइटवरनंच घेते. भाव लईच खाली दिसला की मी तो टॅब बंद करते, लेन्सात एवढी सूट कशी काय परवडते बाबा यांना.

एकदा एका विक्रेत्याचा फोन आला, मॅडम तुमची लेन्स स्टॉकला नाही, दुसऱ्या कंपनीची पाठवतो, सेमच आहे. नको म्हटलं, पैसे परत करा. त्यानं लई गोड बोलून बघितलं. सेम काही नसतंय, वर लिहिलंयच.

पार्सल आलं की फोडतानाच व्हिडिओ काढायचा. पेटीचं सील बघायचं, एक्सपायरी बघायची, इम्पोर्ट केलेली असेल तर मागवणाऱ्या कंपनीचं नाव पत्ता, इम्पोर्ट लायसन्स नंबर आणि एमआरपी छापलेली असली पाहिजे. पेटी उघडल्यावर आतल्या प्रत्येक पाकिटावर पॉवर आणि लॉट नंबर छापलेला असतो, तो पेटीवरच्याशी जुळतो काय बघायचं. पेटीवर एक आणि आत एक असेल, फॉइल सुटलेलं असेल, आतलं पाणी गळालेलं असेल तर ती डोळ्याजवळ न्यायचीच नाही. आणि हे सगळं फॉइल फाडायच्या आधी, एकदा फाडलं की कोणी परत घेत नाही आणि त्यांनी घेऊ पण नये.

पत्त्यात बेळगाव लिहा की बेळगावी लिहा, आमच्यासारखं निपाणी लिहा की निप्पाणी, कुरियरवाला पिनकोडच बघतो, तिथं भांडण नाही 😊 फक्त राज्य कर्नाटकच टाका, एकदा मी सवयीनं महाराष्ट्र टाकलेलं तर पार्सल कोल्हापुरात बसून राहिलं.

जिवा, तू रोज लावणार नाहीस ना? मग महिनेवाली घेऊच नको. लोकांना वाटतं महिनेवाली म्हणजे तीस वेळा लावायची, तसं नाही, पाकीट फोडल्यापासून एक महिना, मग तू दोनदाच लावलेली असलीस तरी टाकायची. वर लेन्स धुवायचं, भिजवायचं सोल्यूशन आलं, डबी आली, ती धुणं आलं. एक दिवसाची घे, लावली आणि टाकली. काही कंपन्यांचे पाच दहाचे छोटे पॅक पण मिळतात, सगळ्या नंबरात नसतात, पण विचार.

आणि हात. आमच्याकडं संकेश्वरी मिरची कांडायचे दिवस असले की मी लेन्सला शिवतच नाही, चष्मा लावून बसते. हात तीनदा साबणानं धुतला तरी नखाच्या कडेला राहतंय ते, आणि लेन्सला लागलं की डोळ्यात पाणी मारून भागत नाही कारण लेन्स ते धरून ठेवते. तंबाखूच्या कामाला जाणाऱ्या बायकांना पण मी हेच सांगते.

कॅम्पातला_मामा

माझं वय ४६, मला लांबचं -२ आहे आणि आता जवळचं पण दिसेना. मी पण घेऊ काय लेन्स? धागा भरकटवतोय, माफ करा.

नंबर_तपासणारा

मामा, तुमच्या वयात लांबची लेन्स घातली की पेपर वाचायला वेगळा चष्मा लागणार, नाहीतर लांबचं जवळचं दोन्ही दाखवणारी मल्टिफोकल लेन्स. आत्ता तुम्ही चष्मा काढून पेपर वाचत असणार, ती सोय जाईल. तपासून ठरवा, ऑनलाईन तर अजिबात नको.

खडेबाजार_किंग

एवढं कशाला डोकं लावायलाय, आमच्या देखाव्याच्या मेकअपवाल्याकडं लेन्सा असतात की, रंगीत पण असतात, मागच्या वर्षी आमच्या खानाला त्यानंच घारे डोळे केले होते. एका रात्रीचा प्रश्न आहे. शंभर रुपये दे, घाल, सकाळी परत कर.

नंबर_तपासणारा

किंग भाऊ, हे वाचून माझ्या पोटात गोळा आला. सकाळी परत कर म्हणजे ती लेन्स मागच्या रात्री कोणाच्या तरी डोळ्यात होती. एकाची लेन्स दुसऱ्यानं घालायची नसते, सख्ख्या भावाची सुद्धा. बुबुळात रक्तवाहिन्या नसतात, त्याला ऑक्सिजन हवेतनं मिळतो, वरनं लेन्स बसली की आधीच तो कमी होतो, त्यात बारीक ओरखडा आणि दुसऱ्याचे जंतू, अल्सर व्हायला अजून काय पाहिजे. अल्सर बरा झाला तरी मधोमध डाग राहतो, मग कुठल्याच नंबरनं नीट दिसत नाही.

आणि झिरो नंबरची रंगीत लेन्स म्हणजे दागिना नव्हे. अमेरिकेत २००५ च्या कायद्यापासून बिननंबरच्या शोभेच्या लेन्सला पण डॉक्टरची चिठ्ठी लागते. आपल्याकडं २०१७ चे मेडिकल डिव्हाइस रूल्स आहेत आणि १ एप्रिल २०२० पासून सगळीच वैद्यकीय उपकरणं औषधांच्या कायद्याखाली धरली जातात. म्हणून तर ताईंनी सांगितलं ते लायसन्स नंबर बघायचं. यात्रेतल्या आणि मेकअपच्या पेटीतल्या लेन्सवर काय छापलेलं असतं सांगा बघू. बहुतेक वेळा फक्त रंगाचं नाव.

जिवादादा, रात्रभराचं विचारलं होतं. दिवसाची लेन्स साधारण आठ दहा तास, तेही सवय झाल्यावर. त्यामुळं दुपारीच नटून बसू नका, तुमचा रथ हलायच्या थोडं आधी घाला. पहाटे नंबर लागतोय तर जवळ एक जास्तीची जोडी ठेवा, मध्ये काढून डोळ्याला विश्रांती द्या आणि नंतर नवी घाला. ट्रॉलीच्या मागं जो पोरगा पाण्याच्या बाटल्या घेऊन चालतो त्याच्या पिशवीत तुमचा चष्मा, जास्तीच्या लेन्सा, छोटा आरसा, साबणाचा तुकडा आणि कोरडा रुमाल. चष्मा तर पाहिजेच पाहिजे, लेन्सवाल्यानं चष्मा घरी ठेवून फिरायचं नसतं.

सगळ्यात महत्त्वाचं, ट्रॉलीवर टेकून डुलकी काढायची नाही. लेन्स लावून झोपलं तर इन्फेक्शनचा धोका ६ ते ८ पटीनं वाढतो असं अमेरिकेची सरकारी आरोग्य संस्था सीडीसी सांगते. आणि तिथं झोपणार नाही असं कोणी म्हणत असेल तर त्यानं आपली मिरवणूक बघितलेली नाही.

पाळीवरची_सिस्टर

मी हॉस्पिटलात आहे, डोळ्यांच्या वॉर्डला काही वर्षं ड्युटी केली आहे. वर सगळं बरोबर लिहिलंय, मी फक्त पाण्याचं आणि औषधाचं सांगते कारण आमच्याकडं येणाऱ्या केसमध्ये तेच दोन असायचे.

लेन्सला पाणी लागू द्यायचं नाही. नळाचं नाही, बोअरचं नाही, फिल्टरचं नाही, बिसलेरी पण नाही. थुंकी तर नाहीच, हसू नका, लेन्स खाली पडली की तोंडात घालून परत डोळ्यात घालणारे मी बघितलेत. पाण्यात अकँथअमिबा नावाचा जीव असतो, पिलं तर पोटाला काही होत नाही पण लेन्सखाली अडकला तर बुबुळ खातो आणि दुखणं असं असतं की माणूस भिंतीला डोकं लावून बसतो. औषध महिनोन्महिने चालतं. लेन्स घालून तोंड धुणं, आंघोळ, विहिरीत पोहणं सगळं बंद. मिरवणुकीत टँकरनं पाणी उडवतात, गुलाल उधळतात, त्या वेळी डोळे मिटून घ्या, आणि गुलाल गेलाच तर चोळू नका, लेन्स काढून फेकून द्या, मग डोळा धुवा, चष्मा लावा. दिवसाची लेन्स असली की फेकायला जिवावर येत नाही, हा तिचा मोठा फायदा.

दुसरं, डोळा लाल झाला, दुखायला लागला, उजेड सहन होईना, धूसर दिसायला लागलं तर पहिल्यांदा लेन्स काढायची आणि त्याच दिवशी डोळ्याच्या डॉक्टरकडं जायचं. मेडिकलमधनं लाली उतरायचा ड्रॉप आणायचा नाही. त्यात पुष्कळदा स्टेरॉइड असतं, दोन दिवस लाली उतरते, माणूस खूश, आणि आत जंतू वाढत राहतो. डॉक्टरकडं जाताना काढलेली लेन्स आणि डबी टाकून देऊ नका, सोबत घेऊन जा, त्यावरनं जंतू कोणता ते तपासता येतं.

खेड्यातली पोरं वाचत असतील तर त्यांच्यासाठी, उसाचं पात डोळ्याला लागलं की बुरशीचं इन्फेक्शन होऊ शकतं, लेन्स नसतानाही होतं, लेन्स असेल तर आणखी लवकर. ऊस तोडायला, भांगलायला लेन्स लावून जाऊ नका.

उद्यमबाग_शिफ्ट

फौंड्रीत पण हेच, शॉपफ्लोअरवर लेन्स घालायची असली तरी वर सेफ्टी गॉगल पाहिजेच. वाळूचा एक कण लेन्सखाली गेला की मशीन सोडून पळावं लागतं.

एक शंका, मी महिनेवाली वापरतो, डबीत कालचं सोल्यूशन असतंय त्यातच थोडं नवीन घालतो. चालतंय की? बाटली साडेतीनशेची आहे राव.

नंबर_तपासणारा

नाही चालत. जुनं पूर्ण ओतून टाका, लेन्स तळहातावर ठेवून नव्या सोल्यूशननं बोटानं चोळा, मग डबीत भिजेल एवढं ताजं घाला. २००६ साली एका कंपनीचं सोल्यूशन वापरणाऱ्यांच्यात बुरशीचं इन्फेक्शन पसरलं, कंपनीला ते जगभरातनं मागं घ्यावं लागलं, आणि तेव्हाच्या तपासात जुन्यात नवं घालण्याची सवय पण धोक्याची निघाली. बाटली उघडल्यावर साधारण ९० दिवस, बाटलीवर लिहिलेलं असतं. डबी तीन महिन्यांनी बदला, रोज सोल्यूशननं विसळून पालथी वाळवा. सलाईन वेगळं आणि सोल्यूशन वेगळं, सलाईननं जंतू मरत नाहीत. ऑनलाईन मागवताना लोक स्वस्त बघून सलाईनची बाटली घेतात.

आरपीडी_कॉर्नर

आणि चुकीचा माल आला आणि विकणारा फोन उचलेना तर १९१५ ला लावा, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. विकणारा दिल्लीचा असला म्हणून घाबरायचं नाही, २०१९ च्या कायद्यात तुम्ही राहता तिथल्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, म्हणजे बेळगावात. बिल आणि पार्सल फोडतानाचा व्हिडिओ ठेवा, ताई म्हणाल्या तसा.

वडगावचा_जिवा

सगळ्यांना लई लई थँक्यू. कार्ट रिकामी केली. शनिवारी सुट्टी आहे, टिळकवाडीत एका ठिकाणी फोन केला, ते म्हणाले ट्रायल देतो, पण एक तास काढून या. दिवसाची लेन्स, दोन्ही डोळ्यांचे छोटे पॅक, डाव्याला टोरिक बसते काय बघतो. पुढची ऑर्डर मग चिठ्ठीवरनं ऑनलाईन.

किंग भाऊ, मेकअपवाल्याला मी मंडळातर्फे सांगणार आहे, घारे डोळे यंदा नकोत.

शेवटचे दोन प्रश्न. तालमीत लेन्स घालूनच सराव करू काय? आणि मला मोठी मिशी चिकटवणार आहेत, त्याला तो उग्र वासाचा गोंद असतो, तोंडाला रंग पण फासतात, तर लेन्स आधी की मिशी आधी?

नंबर_तपासणारा

सराव घालूनच करा, सुरुवातीला तीन चार तास, मग रोज थोडं वाढवा. अंतराचा अंदाज चष्म्यापेक्षा वेगळा वाटतो, तुमच्या नंबरात चष्मा वस्तू बारीक दाखवतो, लेन्समधनं खान जरा मोठा आणि जवळ दिसेल. पहिले काही दिवस लाकडी पट्टा घ्या. घालताना लेन्स बोटाच्या टोकावर ठेवून बाजूनं बघा, वाटीसारखी सरळ दिसली तर बरोबर, कडा बाहेर वळलेल्या दिसल्या तर उलटी आहे.

लेन्स आधी, स्वच्छ हातानं, मग मिशी, मग रंग. काढताना पण हात धुऊन लेन्स आधी काढायची, मग मिशी आणि रंग. गोंदाचा हात डोळ्याजवळ नेऊ नका.

निपाणीची_ताई

आणि सकाळी गाडीवरनं घरी जाताना चष्मा लाव रे. मिशी राहिली तरी चालेल.